एकाच नावाचे तीन सिनेमे

त्या सिनेमाचं नाव मी लिहिणार नाही. लिहून उपयोगही नाही, कारण त्या नावाचा मराठी सिनेमा आहे, हिंदी आहे आणि कानडीही आहे. नाव असं, की तिन्ही भाषांत जसंच्या तसं चालतं. शिवाय त्याच शब्दांनी सुरू होणारी दोन गाणी रेडिओवर लागायची, आणि पुढं टीव्ही आला तेव्हा त्याच नावाची एक मालिकाही आली. सिनेमावाल्यांना नावांचा दुष्काळ पडतो की काय, देव जाणे! दुसऱ्या एखाद्या गावात याचा कुणाला काही त्रास झाला नसता. आमच्या बेळगावात एकाच आठवड्यात एका थेटरात मराठी, दुसऱ्यात हिंदी आणि तिसऱ्यात कानडी सिनेमा लागायचा, तिथं तो झाला. आणि खरं सांगायचं तर सिनेमांमुळं नाही झाला. माझ्यामुळं झाला.

आम्ही वडगावचे. घराघरात माग. आमच्या घराला भिंत लावून आक्काचं घर होतं. आक्का म्हणजे माझी सख्खी कुणी नव्हे, पण आईला ताप आला की आमच्यात भाकऱ्या थापायला येणारी, आणि मी मार्कं कमी आणली की आईच्या आधी मला बडवणारी. विधवा बाई. हातमागावर साड्या विणायची, आणि एकुलती एक मुलगी तिला धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून द्यायची. दिवसभर भिंतीपलीकडून मागाचा खटक-खटक आवाज यायचा. तो थांबला की आमची आई विचारायची, "काय झालं गं आक्का?"

आक्काचा नवरा लेझीम खेळण्यात पटाईत होता. आमच्या तालमीचा लेझमीचा ताफा तेव्हा कोल्हापूरपर्यंत नावाजलेला. तिथल्या एका स्टुडिओत मराठी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं, त्यात मिरवणूक होती, म्हणून ह्या ताफ्याला बोलावणं आलं. चार दिवस सगळे तिकडं राहून आले. आल्यावर त्यानं आक्काला शंभर वेळा सांगितलं, की गाणं संपलं की मिरवणूक येते, पहिल्या रांगेत डावीकडनं तिसरा मी, नायिका समोरून जाते तेव्हा मी एक पाऊल पुढं येऊन खाली बसून उठतो, आणि क्यामेरावाल्यानं नेमकं माझ्याकडंच तोंड फिरवलं. "तू बघशीलच की आता," म्हणाला. पुढं चार-पाच महिन्यांत तो तापानं गेला. आक्काला तेव्हा सहावा महिना होता.

सिनेमा बेळगावात लागला तेव्हा ती दुखवट्यात. पोटुशी, नवरा जाऊन दीड महिना झालेला, आणि सिनेमाला जायचं? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. ती गेली नाही. तिला वाटलं, परत लागेल की. सिनेमा काय पळून जातोय! पण तो परत लागलाच नाही. आणि त्या माणसाचा एकही फोटो नव्हता. लग्नातसुद्धा फोटो काढला नव्हता, तेव्हा आमच्यात कोण काढत होतं? त्यामुळं मुलगी जन्मली ती बापाचा चेहरा न बघताच, आणि तशीच मोठी झाली. बाप बघायचा तर तो त्या सिनेमातच, दुसरीकडं कुठं नाही.

आता समजलं ना, त्या नावाचं आमच्या भिंतीपलीकडं काय महत्त्व होतं ते?

रेडिओवर निवेदकानं ते शब्द उच्चारले की माग थांबायचा. आम्हाला इकडं कळायचं, आक्का कान देऊन बसली आहे. दोन गाण्यांतलं एक होतं कुठल्यातरी भावगीत गाणाऱ्याचं, सिनेमाशी काही संबंध नसलेलं. ते सुरू झालं की आक्का मोठ्यानं म्हणायची, "ह्यो न्हवं!" आणि माग पुन्हा सुरू. दुसरं मात्र त्याच सिनेमातलं होतं, मिरवणुकीच्या आधीचं. ते लागलं की माग गाणं संपेपर्यंत बंद. गाणं संपायचं आणि मिरवणूक कधी यायची नाही, रेडिओवर बातम्या यायच्या. मला ते गाणं असं ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

पोरगी नऊ-दहा वर्षांची असताना गावात त्या नावाचा सिनेमा लागल्याचं कळलं. आक्कानं ठेवणीतलं लुगडं काढलं, पोरीच्या वेण्या घातल्या, दोघी चालत थेटरात गेल्या. निघाला हिंदी! त्यात घोड्यावरचे दरोडेखोर, हाणामारी. तरी आक्का शेवटपर्यंत बसली. म्हणाली, "म्हटलं, असतील कुठंतरी मागच्या बाजूला." दोन वर्षांनी पुन्हा तेच. ह्या वेळी दोघी बसनं खानापूरला गेल्या, आणि पुन्हा तोच हिंदी. गल्लीतली माणसं हसली. वाईट मनानं नव्हे, पण हसली. आक्काही हसली, आणि मला म्हणाली, "आता तू शाळा शिकलेला हाईस. ह्याच्यापुढं तू आधी बघून यायचं. तू 'व्हय' म्हटलंस तरच आमी भाईर पडणार."

मी तेव्हा तेरा-चौदाचा असेन. मला केवढा मोठेपणा वाटला! तेव्हापासून ते माझं काम झालं. मी थेटरापाशी जाऊन पोस्टर वाचायचो, येऊन सांगायचो, "हिंदी हाय, आक्का," आणि ती म्हणायची, "बरं झालं, चपला झिजायच्या वाचल्या."

मग त्याच नावाचा कानडी सिनेमा निघाल्याचं कानावर आलं, बेळगावात तो अजून लागायचा होता. मी तोपर्यंत कॉलेजात होतो. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं, सीमाप्रश्नानं आमची डोकी तापलेली. मोर्चे, बंद, घोषणा. आता वय झाल्यावर मला कानडी शेजाऱ्यांशी बोलताना लाज वाटावी असं पुष्कळ काही तेव्हा आम्ही बोललो. प्रश्न खोटा होता असं मी आजही म्हणत नाही. पण आमच्यात अक्कल कमी आणि ऊत जास्त होता, हेही खरं. मी तर पोरांचा पुढारी! पुढारी म्हणजे काय, तर कानडी बोर्ड काळे करायच्या डांबराची बादली कुणाच्या हातात, हे ठरवणारा.

त्याच साली आक्काच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा निपाणीचा, तंबाखूच्या वखारीत कामाला. आक्का एकदा मला म्हणाली, "देवानं एवढं करावं. पोरगी सासरी जायच्या आत तिला एकदा बाप दिसावा. मग मला काय नको." पोरगी तिथंच कांड्या भरत बसली होती. तिचा हात थांबला. ते मी बघितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

लग्नाला महिनाभर असताना एका शनिवारी भल्या सकाळी आम्ही तिघं दोन सायकलींवरून बादली घेऊन निघालो. गावातल्या एका थेटरानं दर्शनी बाजूला नवीन रंगवलेला मोठा बोर्ड कानडीत लावलाय, अशी बातमी होती. नीट उजाडलं नव्हतं, दूधवाले तेवढे रस्त्यावर होते. मी बोर्डावरची अक्षरं वाचली. कानडी मला येतं, वडगावात कुणाला येत नाही? तेच नाव! मनात म्हटलं, आला वाटतं तो कानडी सिनेमा. आणि ब्रश फिरवला. खाली चित्र होतं, बारीक अक्षरांत आणखी काहीबाही लिहिलेलं होतं, पण ते बघायला सवड कुणाला? पाच मिनिटांत सगळं काळं केलं आणि सायकलींवर टांग मारली. वाटेत आम्ही तिघंही खुशीत ओरडत होतो.

घरी आलो तर आक्का दारात उभी. तिच्या कानावर कुठून तरी आलं होतं. "त्या नावाचा सिनेमा लागलाय म्हनं. बघून ये की रं."

"बघून आलोय," मी म्हणालो. "कानडी हाय."

आता, मी जाणूनबुजून खोटं बोललो असं नाही. मला खरंच तसं वाटत होतं. पण मी बघितलं कुठं होतं? न बघता 'बघितलं' म्हणालो, तेही छाती फुगवून. आक्का म्हणाली, "मग जाऊ दे," आणि मागावर जाऊन बसली.

मी तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या अंगात वारं शिरलं होतं. संध्याकाळी देवळात गल्ली जमवली आणि सांगितलं, ह्या थेटरवाल्याला धडा शिकवायचा, महिनाभर आपल्या गल्लीतल्या कुणी त्याची पायरी चढायची नाही. म्हाताऱ्यांनी मान डोलावली आणि भंडारा उचलायचं ठरलं. आमच्याकडं भंडारा उचलणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. देवापुढच्या हळदीच्या भंडाऱ्याला हात लावून शब्द दिला, की संपलं. कोर्टात खोटं बोलणारा माणूससुद्धा भंडारा उचलून खोटं बोलणार नाही. एकेक जण पुढं येऊन हात लावून गेला. बायकाही आल्या. आक्का आली, तिच्यामागनं तिची मुलगी. दोघींनी भंडाऱ्याला हात लावला, कपाळाला लावला, आणि माझ्याकडं बघून आक्का कौतुकानं हसली. पोरगं मोठं झालं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

बुधवारी दुपारी मी एकटाच सायकलनं त्या बाजूला गेलो. कशाला? तर आपलं डांबर अजून आहे का पुसलं, ते बघायला! माणसाला आपल्या पराक्रमाचं केवढं वेड असतं. डांबर होतं तसंच. मी खुशीत थेटराच्या बाजूच्या बोळातून वळलो. उकाड्यामुळं बाजूचं दार उघडं होतं, नुसता पडदा सोडलेला. आणि पडद्यामागून ते गाणं ऐकू आलं.

तेच. आक्काचा माग थांबवणारं. मराठी.

मी सायकल हातात धरून पुढच्या बाजूला आलो. तिकीट-खिडकीच्या बाजूला कोपऱ्यात एक छोटा छापील कागद चिकटवलेला होता, मराठीत: 'रोज दुपारी तीन वाजता, गुरुवारपर्यंत.' जुना सिनेमा आठवडाभर एकाच खेळाला आणलेला. बोर्ड तेवढा थेटराच्या नेहमीच्या पेंटरनं त्याच्या सवयीनं कानडीत रंगवला होता. म्हणजे मी मराठीच्या नावानं मराठी सिनेमालाच डांबर फासलं होतं. तेही ह्याच सिनेमाला!

पुढचं लिहायला हात जड होतो. मी सायकल भिंतीला टेकवली, तिकीट काढलं, तोंडाला रुमाल बांधला आणि आत गेलो. भंडारा मीच उचलायला लावला होता, आणि तो मोडणारा पहिला मी. अंधारात दाराशीच उभा राहिलो. गाणं संपलं. आणि मिरवणूक आली.

पहिली रांग. डावीकडून तिसरा. फेटा बांधलेला, सडपातळ, वीस-बावीस वर्षांचा, म्हणजे माझ्याच वयाचा पोरगा. नायिका समोरून गेली, तो एक पाऊल पुढं आला, खाली बसला, उठला आणि आमच्याकडं बघून हसला. आक्कानं सांगितलं होतं तसंच, एक गोष्ट इकडची तिकडं नाही. ओळखायला सांगावं लागलंच नसतं. आक्काच्या मुलीनं फेटा बांधला असता तर अशीच दिसली असती. दहा-बारा सेकंद असतील. मग मिरवणूक वळली आणि तो गेला.

मी बाहेर आलो. मला रडू येत होतं आणि मी घाबरलो होतो, आणि दोन्हींत घाबरणं जास्त होतं, हे आज कबूल करतो. गुरुवारचा एक खेळ शिल्लक होता. माझ्याकडं एक अख्खी संध्याकाळ, रात्र आणि दुसरा अर्धा दिवस होता. घरी जाऊन एवढंच म्हणायचं होतं, "आक्का, माझं चुकलं, तो मराठीच हाय, उद्या तीनला चला." भंडाऱ्याचं काय? म्हाताऱ्यांच्या पाया पडलो असतो, देवाला नारळ फोडून मोकळीक मागितली असती. दिली असती हो त्यांनी! आक्कासाठी कुणी नाही म्हटलं असतं? पोरं हसली असती. म्हणाली असती, पुढारी बघा, मराठी सिनेमाला डांबर फासून आला. आठ दिवस हसली असती, फार तर पंधरा. एवढ्याला मी भ्यालो.

गुरुवारी मी कॉलेजला गेलो नाही. आक्कानं विचारलं, "आज कालेज न्हाय व्हय रं?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." तिनं सुंठ उगाळून आणून दिली. मी कपाळाला सुंठीचा लेप लावून, भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. घड्याळात अडीच वाजले. पावणेतीन झाले. अजून सायकलवर एकीला पुढं, एकीला मागं बसवून पोचवता आलं असतं. तीन वाजले. सिनेमा सुरू झाला असेल. मिरवणुकीला अजून वेळ आहे, अजून जाता येईल. साडेतीन. चार. भिंतीपलीकडं माग चालूच होता, खटक-खटक. मी उठलो नाही.

आमच्या गल्लीतलं कुणी त्या थेटराकडं फिरकलंच नव्हतं, भंडारा ना! त्यामुळं ही गोष्ट कुणाला कळली नाही. महिन्यानं लग्न झालं. बाप नसला की त्याचा फोटो पाटावर ठेवून मुलगी पाया पडते. इथं फोटो नव्हता, म्हणून आक्कानं पाटावर त्याची लेझीम ठेवली. पोरीनं लेझमीला हळदकुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. सगळ्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. मी मांडवाच्या मागं जाऊन बसलो, अक्षता टाकायलाही आलो नाही. लोकांना वाटलं, ऊन लागलं.

त्यानंतर डांबराच्या बादलीला मी हात लावला नाही. पोरांनी विचारलं तर काहीतरी थापा मारल्या. पुढं नोकरी लागली, लग्न झालं. कोल्हापूरला कामानं गेलो की मी त्या सिनेमाची चौकशी करायचो. वाटायचं, मिळाला तर मीच गल्लीत पडदा बांधून दाखवीन, म्हणजे सगळी फिटंफाट होईल. एकदा एका गृहस्थानं जुन्या खोलीत नेऊन गंजलेले डबे दाखवले. झाकण उघडलं तर आतल्या रिळांचा चिकट गोळा झालेला, आंबूस वास येत होता. "हीच शेवटची कॉपी," तो म्हणाला. "अधनंमधनं गावोगाव फिरायची." मी एसटीत बसून परत आलो. त्या दिवसापासून तो माणूस फक्त माझ्या डोक्यात उरला होता, आणि मी कुणाला ते सांगू शकत नव्हतो.

मग ऐंशीच्या दशकात टीव्ही आला. गल्लीत पहिला आमच्या घरी. आणि एके दिवशी आक्का, आता केस पिकलेली, मागावर बसून बसून गुडघे गेलेली, काठी टेकत आली. "तुमच्या टीव्हीवर त्या नावाचं काहीतरी लागतंय म्हनं? दर आठवड्याला?"

मी म्हटलं, "आक्का, ती मालिका हाय. हिंदी. वकिलांची. आपला सिनेमा न्हवं त्यो."

"नाव तेच हाय न्हवं? असू दे. तुकड्या-तुकड्यानं दावत असतील. कधी ना कधी येतील."

दर आठवड्याला ती यायची. पुढं सतरंजीवर बसायची. त्या मालिकेत बंगले, मोटारी, कोर्टातल्या तारखा. आक्काला एक अक्षर कळत नसे. ती फक्त मागची माणसं बघायची. कोर्टाच्या बाहेर गर्दी दिसली की पुढं सरकायची. भाग संपला की म्हणायची, "आज न्हाय आले," आणि काठी घेऊन जायची. मी दर वेळी तिला दारापर्यंत सोडायचो आणि दर वेळी ठरवायचो, आज सांगायचं. सहा आठवडे गेले. सातव्या भागात लग्नाची वरात होती, बँड होता, नाचणारी माणसं होती. आक्का उठून टीव्हीपाशी गेली, वाकली, आणि काचेवर बोट ठेवून एकेक माणूस मोजू लागली. "येक, दोन, तीन..."

मला सहन झालं नाही. मी टीव्ही बंद केला आणि तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. डांबर, भंडारा, बुधवार, गुरुवार. काही लपवलं नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, तिलाही तेव्हाच कळलं.

मला वाटलं, आता काठी उगारेल. उगारायलाच हवी होती. ती म्हणाली, "हसत होते?"

"व्हय, आक्का."

"फेटा कसला होता?"

"सिनेमा काळा-पांढरा, रंग कळत न्हवता. पण फेट्याचा सोडलेला शेमला खांद्यावर होता."

"खाली बसून उठले?"

"उठले. लई झोकात."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "बरं झालं बघितलंस. कुनीतरी बघितलं म्हणायचं."

मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो! तिनं मला पुन्हा सांगायला लावलं. मग पुन्हा. कपाळ कसं होतं, नाक कसं होतं, दात दिसत होते का. मी सांगत गेलो, आणि तिसऱ्यांदा सांगताना मलाच धडकी भरली. मी जे नाक, जी जिवणी, जी हनुवटी सांगत होतो ती तिच्या मुलीची होती. दहा-बारा सेकंद बघितलेला चेहरा इतक्या वर्षांत माझ्याही डोक्यातून निघून गेला होता. त्याच्या जागेवर मुलीचा चेहरा येऊन बसला होता. हे मात्र मी आक्काला सांगितलं नाही. एवढं सांगायचं धाडस मला आजतागायत झालेलं नाही.

आक्कानं निपाणीला निरोप धाडला. रविवारी मुलगी आली, बसनं, एकटीच. पोरांना घरी सासूजवळ ठेवून आली होती. आक्कानं तिला हाताला धरून आमच्या घरी आणलं, माझ्यासमोर पाटावर बसवलं, आणि लहान पोरासारखी खूश होऊन म्हणाली, "विचार ह्याला. ह्यानं तुझ्या बाबाला बघितलंय. सांग की रं हिला."

मी आधी माझं चुकलं ते सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती. मग मी म्हणालो, "पहिल्या रांगेत, डावीकडनं तिसरे..."

"थांबा, अण्णा," ती म्हणाली.

मी थांबलो.

"त्या गुरुवारी मी घरातच होते. कांड्या भरत होते. तुमी पलीकडं झोपला होता, मी आईला म्हटलं, हळू मार माग, अण्णाचं डोकं दुखतंय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला जरा बरं वाटलं असतं. "तुमी आईला सांगा. रोज सांगा, तिला लई बरं वाटंल. मला सांगू नका."

आक्का म्हणाली, "अगं, ऐकून तर घे!"

"ऐकून काय करू?" ती म्हणाली. "जन्मल्यापासनं मी ऐकतच आलेय, आई. मला बघायचं होतं."

एवढं बोलून ती उठली आणि आईला जेवायला वाढायला पलीकडं गेली.